गादीमास्तर आणि साहेबांची खुर्ची

आमच्या ह्यांना सगळे गादीमास्तर म्हणतात. गादी ह्यांनी जन्मात भरली नाही. हे बसायच्या जागा करतात. बसची सीट, न्हाव्याची फिरती खुर्ची, दातांच्या डॉक्टरांची ती आडवी होणारी खुर्ची, सिनेमागृहातल्या रांगाच्या रांगा. पण माणसाला एकदा नाव चिकटलं की चिकटलं. मीसुद्धा लग्न होऊन येताना मनात म्हटलं होतं, घर कसंही असो, झोपायला गादी तरी चांगली मिळेल. आले तर सतरंजी, आणि तीही एका बाजूनं उसवलेली.

दुकान म्हणजे आमचीच पुढची खोली. मागच्या खोलीत मी, चूल आणि संसार. मध्ये नुसता एक पडदा, त्यामुळे आमच्या घरात डाळीला फोडणीबरोबर फोमचा भुसा पडतो. मी कटकट करते, हे ऐकत नाहीत. तोंडात दाभण धरून मान खाली घालून टाके घालत बसायचं, ही ह्यांची समाधी. बोलायचं नसलं की दाभण तोंडात. फार सोयीचं हत्यार आहे ते.

ह्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात. बसल्यावर माणसाला आपण बसलोय हे कळता कामा नये. काथ्या किती, स्प्रिंग किती, वर फोम किती, हे ह्यांच्या बोटांना ठाऊक. ह्यांनी केलेल्या खुर्चीत कोपऱ्यावरच्या न्हाव्याची गिऱ्हाइकं घोरायला लागली. एक जण अर्धी दाढी झाल्यावर असा काही लवंडला की न्हाव्याने बाकीची अर्धी करताना दुसऱ्या गिऱ्हाइकाला त्याची मान धरायला लावली. न्हावी तक्रार घेऊन आला, तर हे खूश. जणू पदकच मिळालं.

एकदा एक बसड्रायव्हर सीट खांद्यावर घेऊन परत आला. म्हणाला, मास्तर, जरा वाईट करून द्या, वळणावर डोळा लागतो. हे म्हणाले, वाईट काम माझ्याकडे मिळत नाही, दुसरीकडे जा. तो बिचारा फूटपाथवर बसला आणि त्याने स्वतःच्या हातानं अर्धा फोम उपसून काढला. हे दारातून बघत होते. कुणी ह्यांची चामडी सोलत असल्यासारखा चेहरा झाला होता. पुढे कितीतरी दिवस तो माणूस बस घेऊन गेला की हे पाठ फिरवायचे.

असा हा माणूस. आणि ह्या माणसाच्या घरात आमची नात जन्माला आली.

लेकीचं बाळंतपण फार लांबलं. पोर बाहेर आली ती रडलीच नाही. रडली तेव्हा उशीर झाला होता. मग महिने गेले तरी मान धरेना. अंग कधी फळीसारखं ताठ, कधी पिळून टाकलेल्या कपड्यासारखं ढिलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की जन्मताना मेंदूला इजा झाली आहे, ती जायची नाही, पण नीट काळजी घेतलीत तर पोर जगेल, शिकेल, हसेल. लेकीने पहिलं अर्धं ऐकलं आणि ती रडत बसली. ह्यांनी दुसरं अर्धं ऐकलं आणि येताना फुगा घेऊन आले. मी मधला ‘काळजी’ हा शब्द ऐकला, कारण ती कुणाला घ्यावी लागणार हे मला तिथंच कळलं होतं.

जावई दूर बंदरावर कामाला, सुट्टी मिळाली की येणार. लेक शिवणकामाच्या कारखान्यात. सकाळी ती गेली की पोर माझ्या मांडीवर. गल्लीतल्या सगळ्या शहाण्यांनी आपापला इलाज सांगून घेतला. एक म्हणाली, तेल बदला. एक म्हणाली, वाळूत अनवाणी चालवा. अगं बाई, मान धरत नाही तिला चालवू कशी? तर म्हणते, सवयीने होईल. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी तिला चहासुद्धा दिला नाही.

पोरीला साहेब हे नाव ह्यांनीच ठेवलं. बोलायची नाही, हात हवा तिकडे जायचा नाही, पण डोळे? दारातून कुणी आलं की पायापासून डोक्यापर्यंत अशी बघायची की आलेल्या माणसाला वाटावं, आपलं काहीतरी चुकलंय. वीज मंडळाचा माणूस मीटर बघायला आला तर तिच्या नजरेनं गडबडला आणि मलाच म्हणाला, चप्पल बाहेर काढू का? साहेबांनी रोखून बघितलं. काढली त्यानं.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. एक गोष्ट नेता येत नव्हती. जेवण.

मी तिला तान्ह्या बाळासारखी मांडीवर आडवी घ्यायची, डोकं कोपरावर मागे टेकवायची आणि चमच्याने थोडं थोडं तोंडात सोडायची. मी माझ्या पोरीला असंच भरवलं होतं, माझ्या आईने मला. साहेबांना प्रत्येक दोन घासांनंतर ठसका लागायचा. डोळे मोठे व्हायचे, ओठ निळसर पडायचे. मग पाठ थोपटायची, थांबायचं, पुन्हा सुरू. सकाळचं खाणं संपेपर्यंत दुपार व्हायची. मी म्हणायची, अशा मुलांना ठसका लागतोच. कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. मीच मला सांगितलं होतं.

मग ताप यायला लागला. ताप यायचा, छाती घरघरायची, दवाखाना, सुया, घरी, पुन्हा ताप. पोर इतकी वाळली की चेहऱ्यावर कान तेवढे मोठे दिसायला लागले. एका खेपेला तर नाकावर ऑक्सिजन लावून ठेवली होती, आणि लेक खाटेच्या कडेला तिचं पाऊल मुठीत धरून बसली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. अन्न पोटात जायच्याऐवजी थोडं थोडं छातीत उतरतंय. आडवी ठेवून भरवणं बंद करा. सरळ बसवून भरवा. नाहीतर असाच एखादा ताप हिला घेऊन जाईल.

ज्या मांडीवर मी तिला जगवत होते, तीच मांडी.

दवाखान्यातून व्यायामाच्या ताई घरी आल्या. पोरगेलीच होती, स्कूटरवरून आली, हेल्मेट काढलं तर केसांचं घरटं झालेलं. पण हातात जादू. साहेबांना तिने असं धरलं की ताठ अंग आपोआप सैल पडलं. तिने दाखवलं, पाठ सरळ, कंबर पार मागे टेकलेली, गुडघे वाकलेले, पावलं खाली घट्ट, आणि हनुवटी किंचित खाली. असं बसलं की घास बरोबर वाटेनं जातो. त्यासाठी तिच्या मापाची खुर्ची हवी. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाली, काका, लोकांना खुर्ची करणारा शोधावा लागतो, तुमच्या तर घरातच आहे.

हे असे फुलले म्हणून सांगू. तोंडातलं दाभण काढून हसले. तेवढ्यात ती म्हणाली, “फक्त टणक हवी हं काका. फोम नको.”

ह्यांनी दाभण परत तोंडात ठेवलं.

आठवड्याभरात पहिली खुर्ची तयार झाली. काय सांगू तुम्हाला, मंत्र्याच्या दिवाणखान्यात नसेल अशी. गडद लाल रेक्झिन, पाठीला बटणं, आत स्प्रिंगा, वर उत्तमातला उत्तम फोम. गल्ली बघायला लोटली. साहेबांना आत ठेवलं, तर साहेब आत गेले ते गेलेच. वरून नाक दिसायचं आणि पुढून अंगठे. पाठीची कमान झाली, डोकं मागे पडलं. हे म्हणाले, बघ कशी रमलीये. मी पहिला चमचा दिला आणि पोर ठसकली. मी तिला उचललं आणि त्या खुर्चीत मांजर जाऊन बसलं. ताई आल्या तेव्हा ते तिथंच होतं, पाय वर करून झोपलेलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, खुर्ची सुंदर झालीये, मांजराच्या मापाची.

हे दिवसभर दाभण तोंडात धरून बसले.

दुसरी खुर्ची केली. ह्यात स्प्रिंग नाही, फोम नाही, शपथेवर सांगतो, असं म्हणाले. ताईंनी अंगठ्याने दाबून बघितलं. अंगठा आत गेला. काका, हे काय? तर म्हणे, थोडा काथ्या. काथ्या म्हणजे फोम नव्हे. शपथ फोमची होती ना, मोडली नाही. वकील व्हायचा माणूस चुकून ह्या धंद्यात पडला.

तिसऱ्या वेळी खरंच प्लायवुड आणलं. पाठ सरळ, बैठक सरळ, वर नुसतं कापड. मला बरं वाटलं. ताईंनी बोटाच्या पेरानं टकटक केलं, तर आवाज टक असा न येता धप असा आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे, हे छताकडे. आत काय आहे, मी विचारलं. लाकूड, म्हणाले. मी कात्री घेऊन कापड उसवलं, तर खाली कापसाचा असा सुबक थर लावलेला, बारीक टाक्यांनी, कुणाला दिसू नये म्हणून. लहान पोर उशीखाली गोळ्या लपवतं तसा.

माझा संताप संताप झाला. ताईंच्या देखत मी काय काय बोलले ते सांगत नाही. तुमच्या कलेपायी पोरीचा जीव जाईल, एवढं मात्र बोलले. पालथ्या घड्यावर पाणी, म्हटलं, ह्या माणसाला सांगणं म्हणजे. ह्यांनी ऐकून घेतलं. मग दाभण तोंडातून काढून हळूच म्हणाले, “तिच्या वाट्याला सगळं टणकच आलंय. एक बसायची जागा तरी मऊ असू दे की.”

ताईंनी हेल्मेट उचललं. मी कात्री खाली ठेवली.

पण बोलणं गोड असलं म्हणून घास बरोबर वाटेनं जात नाही. त्याच आठवड्यात साहेबांची छाती पुन्हा वाजायला लागली. लेकीने कारखान्यातून सुट्टी घेतली. पोरीच्या छातीवर तळहात ठेवून बसायची. कधी हात उचलून कान लावायची. मी विचारलं, वाढलंय का गं? ती म्हणाली, माहीत नाही आई, मला आता स्वतःचीच धडधड ऐकू येते.

दुपारी हे जेवायला मागे आले. आमच्याकडे ह्यांची एक आरामखुर्ची आहे, ह्यांनीच केलेली. तिच्यात बसलेला पाहुणा कुणी हात दिल्याशिवाय उठत नाही, म्हणून पाहुणे आले की मी ती भिंतीकडे तोंड करून ठेवते. हे तिच्यात बसले. मी साहेबांचीच वाटी घेतली, साहेबांचाच चमचा. म्हटलं, मागे व्हा. का? व्हा म्हणते ना. मी ह्यांच्या कपाळावर हात ठेवून डोकं पार मागे टेकवलं, छताकडे तोंड. म्हटलं, तोंड उघडा.

पहिला चमचा कसाबसा गेला. अगं, असं गिळता येत नाही, म्हणाले. मी म्हटलं, बोलू नका. ती बोलते का? आणि दुसरा ओतला. दुसऱ्याला जो ठसका लागला, बाप रे. नाकातून बाहेर, डोळ्यांतून पाणी, चेहरा त्या पहिल्या खुर्चीच्या रंगाचा. उठायला बघतात, तर खुर्ची उठू देते होय? पाय हवेत, हात हवेत. लेक धावत आली. तिला वाटलं, आईने शेवटी बाबांचा निकाल लावला. मी तिला म्हटलं, थांब. आणि मी चमचा भरून पुन्हा पुढे केला. ह्यांनी दोन्ही हातांनी माझा हात घट्ट धरला.

साहेब सतरंजीवर पडल्या पडल्या आजोबांकडे बघत होते. हे श्वास सापडल्यावर तिच्याकडे बघायला लागले आणि बघतच राहिले.

“रोज असं होतं?” मला विचारलं.

“प्रत्येक घासाला,” मी म्हटलं.

जेवले नाहीत. पुढे दुकानात गेले, फोमची सगळी गुंडाळी उचलून माळ्यावर टाकली आणि मला म्हणाले, शिडी काढून घे.

चौथी खुर्ची करताना मात्र ताई रोज येत होत्या. साहेबांना मांडीवर धरून माप सांगायच्या, हे टेपने घ्यायचे. कंबर, मांडी, गुडघ्यापासून टाच. दोन्ही बाजूंना अंग कलंडू नये म्हणून फळ्या, पावलांखाली पाट, कमरेला पट्टा, पुढे वाटी ठेवायला फळी. ह्यांचा हात सारखा गुंडाळीच्या रिकाम्या जागेकडे जायचा, मग परत यायचा. शेवटी न राहवून म्हणाले, ताई, निदान कडांना काही? ताई म्हणाल्या, कडांना लावा, आणि पट्ट्यालाही लावा, पट्टा काचायला नको. आमच्या ह्यांना तर आकाश ठेंगणं झालं. त्या एवढ्याशा पट्ट्यात ह्यांनी आयुष्याची सगळी विद्या भरली. बाकी लाकूड पॉलिश पेपरने घासत राहिले, घासत राहिले, शेवटी मीच म्हटलं, अहो पुरे, पारदर्शक होईल.

गिऱ्हाईक आलं की खुर्चीवर चादर टाकायचे. लोक काय म्हणतील, मास्तरांचा हात गेला.

साहेबांना खुर्ची आवडली असं मुळीच नाही. पहिल्या दिवशी असं तोंड सोडलं की मांजर घर सोडून गेलं. ताई म्हणाल्या, थोडं थोडं बसवा, सवय होईल. हो, ही सवय मात्र खरी होती. रडायचं थांबल्यावर एका सकाळी लेकीने तिच्या छातीवर तळहात ठेवला, मी चमच्याच्या टोकावर एवढंसं घेतलं, हनुवटी खाली धरली आणि दिलं. गिळलं. आम्ही ठसक्याची वाट बघत बसलो. हे पडद्याआडून, मी चमचा हातात धरून, लेक डोळे मिटून. ठसका आलाच नाही. दुसरा दिला. गिळला. वाटी संपली तेव्हा मला कळेना आता करायचं काय. एवढा वेळ हातात उरायची सवयच नव्हती. मी उगाचच धुतलेली भांडी परत धुतली.

रोज असंच सुरळीत झालं असं नाही. कधी ठसका लागायचा, एकदा तापही आला. पण तो आला तसा गेला, दवाखाना बघावा लागला नाही. थंडी सरली. हळूहळू गालावर मांस दिसायला लागलं, कान बेताचे झाले. लेक रात्रपाळीलाही जायला लागली. आणि साहेब आता खुर्चीतून अख्खी खोली बघायचे, नुसतं छत नव्हे. मी कांदा चिरताना बघायचे, हे चोरून साखर खाताना बघायचे. ह्यांना त्याचा फार त्रास झाला.

आणि मग ती सकाळ. मी नेहमीसारखा भोपळा शिजवून, घोटून, छान मऊसूत करून आणला. चमचा पुढे केला. साहेबांनी चमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. मला वाटलं, लक्ष नाही. ओठाला चमचा लावला. तर तिने मान फिरवली. डुगडुगत, फार कष्टानं, पण पार भिंतीकडे फिरवली. मी घाबरले. कपाळाला हात लावला, गार. छातीला कान लावला, स्वच्छ. त्या बाजूला जाऊन पुन्हा चमचा धरला. तिने ओठ घट्ट आवळले आणि तितक्याच कष्टानं मान इकडे आणली.

लेक बाजूला बसून खात होती. ती खायची थांबली. म्हणाली, “आई, तिला नकोय.”

“नकोय काय? भोपळा तिच्या किती आवडीचा आहे.”

“कुणी सांगितलं?”

मी चमचा वाटीत ठेवला. कुणी सांगितलं होतं? डोकं मागे टेकवून आडवी घेतली की तोंड आपसूक उघडं राहतं, आम्ही त्यात ओतत होतो. खाल्लं म्हणजे आवडलं. तिला मान फिरवायला मानच कुठे होती? दात आल्यापासून पोर भोपळा खात होती आणि मी गल्लीभर सांगत होते, आमच्या साहेबांना भोपळा फार प्रिय.

हे दाभण हातात घेऊन आत आले. झाला प्रकार ऐकला. खुर्चीकडे बघितलं, नातीकडे बघितलं आणि मला म्हणाले, इतकी वर्षं झाली लग्नाला, मला कधी हे करायचं धाडस झालं नाही. मी तापले. म्हटलं, एवढा वाईट असतो का माझा भोपळा? आणि रागाच्या भरात एक चमचा तोंडात टाकला. मीठ नाही, गोड नाही, काही नाही. ओला चिखल नुसता. तो तोंडात तसाच धरून मी रडायला लागले, आणि लेकही, आणि हे पाठ फिरवून पडद्याला न उसवलेल्या जागी टाका घालायला लागले.

साहेब मात्र रडत नव्हते. साहेब लेकीच्या ताटलीकडे बघत होते. ताटलीत अंडं होतं. नजर तिथून हलेना. मग माझ्याकडे बघितलं, पुन्हा अंड्याकडे, आणि तोंड उघडलं.

मी डोळे पुसले, म्हटलं, बरं साहेब, आणि दूध तापवायला उठले, त्यात अंडं कुस्करायला. ह्या खेपेला मीठ घातलं आणि आधी चाखून पाहिलं.